विरजणाला येणारी मुलगी

आई, काल इथल्या एका महिला मंडळात माझं भाषण झालं. घरकामाला म्हणून आणून डांबून ठेवलेल्या मुली आणि आपण शेजाऱ्यांनी काय करायचं, असा विषय होता. मी नेहमीचंच सांगितलं. समोरच्या दाराला दिवसभर बाहेरून कुलूप आणि आत कुणी वावरतंय असं वाटलं, तर दुर्लक्ष करू नका. मुलगी भेटली तर तिच्याशी एकटीशी बोला, गाव विचारून ठेवा, आणि काही झालं तरी आधी तिच्या मालकिणीकडे चौकशीला जाऊ नका, थेट पोलिसांना कळवा. बायका वहीत उतरवून घेत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, "पेपरात काम केलं की कळतं." तुझा उल्लेखही केला नाही.

ऐंशीच्या दशकातली आपली बोरिवलीची सोसायटी. समोरच्या ब्लॉकमधले नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी कुलूप लावून जायचे आणि मुलगी आत. बारा-तेरा वर्षांची असेल. "नात्यातली आहे, जूनमध्ये शाळेत घालणार," असं त्या घरातल्या वहिनींनी सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. मीसुद्धा. तुला मात्र तिची वाटी खटकली. रोज संध्याकाळी ती वाटी घेऊन विरजण मागायला यायची. एकदा तू मला विचारलंस, "गो, रोज दही लावतत, तेंच्या घरात रोज विरजण कित्याक लागता?" मी म्हटलं, विसरत असेल बाजूला काढायला. "इसरत नाय ता. मुद्दाम संपवता."

मग तूही वेळ काढायला लागलीस. आधी वाटी धुवायची, मग चमचा शोधायचा, मग दह्याच्या भांड्यावरचं झाकण. समोरच्या दारात उभ्या वहिनी ओरडायच्या, "काय गं, विरजण आणायला गेलीस की म्हैस दोहायला?" आणि तू आतून, "अगो वैनी, चमचोच सापडत नाय माका!" तेवढ्या दोन-दोन मिनिटांत तू काय काय काढून घेतलंस. कुणी एक बाई तिला गावाहून घेऊन आली होती. शाळेत घालते म्हणाली होती. इथे सोडून गेली ती गेलीच. मग एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "मावशी, माझ्या आयेला कळवा, न्यायला या म्हनावं." तिने गाव, पोस्ट, तालुका सांगितलं. तुला अक्षर येत नव्हतं. मी ऑफिसातून येईपर्यंत तू ते तोंडाने म्हणत घरात फिरत होतीस. मी दारात चप्पल काढत असतानाच तू ते घडाघडा म्हणून दाखवलंस.

मी त्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. तू म्हणालीस, "सकाळीच टाक." मी ते पर्समध्ये ठेवलं आणि तुला माझ्या धंद्याचा नियम ऐकवला, की एकच बाजू ऐकून काही करायचं नसतं, वहिनी चांगल्या घरातल्या आहेत, त्यांनाही विचारायला हवं. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "कुलूप भायरसून असता गो. ह्येत दुसरी बाजू खंयची?"

तरीही रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला. ट्रे मुलीनेच आणला आणि ती माझ्याकडे न बघता आत गेली. मी फार सभ्यपणे विषय काढला. वहिनी हसल्या. "अहो, पोटच्या पोरीसारखं ठेवलंय. कोण म्हणतं असं?" आणि मी, बातमी देणाऱ्याचं नाव कधी फोडायचं नाही हे नवशिक्या पोरांना शिकवणारी मी, बोलून गेले, "तीच माझ्या आईला म्हणाली." वहिनींनी कप खाली ठेवला आणि आणखी चहा घेणार का, असं विचारलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी तू स्वतः वाटीत विरजण घेऊन समोर गेलीस. वहिनी म्हणाल्या, "गावी पाठवली तिला. तुमच्या मुलीला सांगा, आता काळजी नको." तू परत आलीस आणि मला एक शब्दही बोलली नाहीस. त्या दुपारी मी कार्ड टाकलं.

तीन आठवड्यांनी तिच्या वडिलांचं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पोर इकडे आली नाही, कुठे आहे ते कळवा, आम्ही हात जोडतो. मी पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?" शेजारी, म्हटलं. "मग बापाला येऊ दे." पेपरचं ओळखपत्र पर्समध्ये होतं. ते मी काढलं नाही, कारण काढलं असतं तर चौकशी आपल्या मजल्यावर आली असती, आणि तिला बोलतं करणारी तू आणि तिचं नाव सांगणारी मी, हे सगळ्या सोसायटीला कळलं असतं. वडिलांना पुन्हा एक पत्र टाकलं, इथे येऊन तक्रार द्या म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही.

आणि ते पहिलं उत्तर आलं त्या दिवशी तू पदराला हात पुसत समोर बसलीस, म्हणालीस, "वाच." मी वाचलं, "पोर सुखरूप पोचली, तुमचे उपकार आहेत." तू डोळे मिटून म्हणालीस, "बरा झाला गो, बाय." आणि त्या दिवसापासून माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागलीस. मला तेच हवं होतं.

हे पत्र तू असतीस तरी तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. ते मी जसं लिहिलंय तसंच वाचलं असतं का, हे आजही मला छातीठोक सांगता येत नाही.