किल्ल्यांचा गेम आणि स्टीलचं पिंप

बाबा, तुम्ही चोरून बघायचात का, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता घरात तुमचा विषय निघाला तरी कुणी आवाज खाली आणत नाही, आणि मी मात्र अजून या एका प्रश्नावर अडून बसले आहे. बापाला विचारायची ही गोष्ट नव्हे, कळतं मला. पण मी आहेच संशयी. भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरचं हसणं, ऑफिसातलं ते 'सहज विचारलं', कशावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. आई म्हणते हा स्वभाव तुमच्या घराण्यातून आला. माझं म्हणणं, तो तुम्ही आणलेल्या त्या व्हिडिओ गेममधून आला.

तुम्ही जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होतात. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कुणाच्या डोक्यावर कोण, हे तुम्ही ठरवायचात. यार्डातले तुम्ही सगळे कंटेनरला डबाच म्हणायचात, आणि मला लहानपणी वाटायचं की त्या प्रत्येकात कुणाचं तरी जेवण असणार. एका दिवाळीच्या तोंडावर तुम्ही पिशवीतून तो गेम काढलात. काळं यंत्र, दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाचं बटण आत गेलं की वर यायला तयार नाही, आणि एकच कॅसेट, तिच्यावर जपानी अक्षरं. आईने पहिला प्रश्न केला, कुठून आणलंत? यार्डात बेवारस मालाचा लिलाव होता, त्यात मिळाला, असं तुम्ही सांगितलंत. आईने मान डोलावली, मीही डोलावली. लिलाव म्हणजे काहीतरी शुभ कार्य असावं असाच माझा तेव्हा समज होता.

गेमचं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. वाचणार कोण? आपण त्याला किल्ल्यांचा गेम म्हणायला लागलो. पडद्यावर डोंगर, नदी आणि किल्ले. एकाने आपले शिपाई कुठल्या किल्ल्यात लपवायचे ते ठरवायचं, मग कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने आपले लपवायचे, आणि मग लढाई. म्हणजे एकजण लपवत असताना दुसऱ्याने बघायचं नाही, हा सगळ्या खेळाचा पाया. आपल्या नवीन पनवेलच्या घरात जागा ती केवढी! हॉलच्या भिंतीला टीव्ही, समोर सरळ स्वयंपाकघर, मध्ये दारसुद्धा नाही. म्हणून तुम्ही नियम केलात, ज्याची पाळी नाही त्याने टीव्हीकडे पाठ करून ओट्याशी जाऊन उभं राहायचं आणि ग्लासभर पाणी पिऊन यायचं. मी लपवते आहे, तुम्ही ओट्याशी उभे आहात, यार्डातून येऊन हातपाय धुतलेले, तुमची ती रुंद पाठ मला दिसते आहे. मी ओरडते, झालं! तुम्ही वळता, कंट्रोलर घेता आणि सरळ माझा सगळ्यात चांगला शिपाई ज्या किल्ल्यात आहे तिथेच हल्ला करता. पुन्हा खेळलो, तर पुन्हा तेच. मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, तुम्ही चोरून बघता.

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही मला बाजूला बसवलंत आणि म्हणालात, "तू महागाचा शिपाई नेहमी मागच्या किल्ल्यात ठेवतेस. यार्डात सगळे असंच करतात, महाग डबा मागच्या रांगेत. म्हणून चोर आधी मागची रांग बघतो." मग पाटावर रिकाम्या काडेपेट्या रचून तुम्ही मला दाखवलंत, जो डबा आधी निघणार तो वर, जो उशिरा निघणार तो खाली, नाहीतर एक काढायला दहा हलवावे लागतात आणि सगळ्या यार्डाला कळतं की आपलं काय चाललंय. ताकद नंतर, आधी कोण काय बघतंय ते बघ. आज मी खेळते ती सगळी या काडेपेट्यांवरची विद्या आहे. तुम्ही सांगितल्यावर मी महागाचा शिपाई कधी पुढे ठेवला, कधी नदीकाठी उघड्यावर ठेवला, आणि हळूहळू जिंकायला लागले. गणितात मी बेताची, धावण्यात शेवटची, आवाज तर काय विचारू नका. पण या एका गोष्टीत मी माझ्या बापाला हरवत होते. त्या जिंकण्यावर मी किती उभी राहिले ते तुम्हाला माहीत नाही.

मग यार्डातलं ते प्रकरण झालं. मागच्या रांगेतला एक कंटेनर फोडून कुणीतरी आतला माल नेला. तो डबा तिथे आहे हे माहीत असलेली माणसं मोजकीच, आणि त्यांतले एक तुम्ही. तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावणं आलं, मग तुम्हाला रांगा आखण्यावरून काढून गेटवर बसवलं. सिद्ध काहीच झालं नाही, पण ज्या माणसाला नुसतं गेटवर बसवतात त्याच्याकडे लोक बघतात कसे! खालच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात थांबवून 'बाबा बरे आहेत ना' असं विचारायच्या, आणि मला त्यातला 'ना' टोचायचा. एकदा जेवताना आईने तुम्हाला विचारलंच, तुम्ही कुणाला बोलला होतात का हो, कुठे काय आहे ते? तुम्ही भातात कालवण ओतत होतात. हात थांबला. "ज्यांना विचारायचंय ते विचारतायत रोज," तुम्ही म्हणालात, "तू नको विचारू." एवढंच. 'नाही' म्हणाला नाहीत. मी तेव्हा दहावीत होते, आणि त्या न म्हटलेल्या 'नाही'ने माझ्या डोक्यात घर केलं.

मला तुमचं ते वाक्य आठवलं, चोर आधी मागची रांग बघतो. तुम्हाला बरं माहीत! मग तो गेम आठवला. लिलाव खरंच होता? की कुठल्या फोडलेल्या डब्यातून तो आपल्या टीव्हीखाली आला? मी त्या काळ्या यंत्राला हात लावेनाशी झाले. तुम्हाला वाटलं असेल पोरीचं दहावीचं वर्ष आहे. तुम्ही गेम पिशवीत घालून माळ्यावर टाकलात, आणि त्यानंतर तुम्ही आणि मी कधी समोरासमोर खेळलो नाही. काही वर्षांनी तुमचं हृदय एका दुपारी थांबलं, गेटवरच. मला विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आता माझं ऐका. मी खारघरला राहते, नवरा आणि मी दोघं नोकरी करतो, आणि आमच्या घरात सोफ्यासमोर भलामोठा टीव्ही आणि त्याखाली कन्सोल आहे. चाळिशीतली बाई कंट्रोलर घेऊन बसते हे आईला अजून पटत नाही. डावपेचाचे गेम कॉम्प्युटरवरच खेळावेत, माऊस हवा, कन्सोलवर त्यात मजा नाही असं जाणकार म्हणतात. म्हणोत. कॉम्प्युटरसमोर माणूस एकटा बसतो. कन्सोलपाशी शेजारी कुणीतरी असतं, त्याचा श्वास ऐकू येतो, तो कुठे अडखळला ते कळतं. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी मी खेळतच नाही, तिकडे कोण काय लबाड्या करतं देव जाणे. आणि मशीनशी खेळायचं म्हटलं तर तिथेही गोम आहे. गेम सर्वात अवघड पातळीवर ठेवला की मशीन फार हुशार होतं असं लोकांना वाटतं. मी बारकाईने बघितलंय, बऱ्याच गेममध्ये ते हुशारबिशार काही होत नाही. आपल्या नकाशावर अंधार असतो आणि मशीनला सगळं दिसत असतं, बस. ज्याला सगळं दिसतं त्याला डोकं कशाला लागतंय? हे कळलं त्या दिवशी मला तुमची आठवण आली, आणि ती चांगली आठवण नव्हती.

आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आईचं सामान बांधायला आम्ही दोघं काही दिवस तिच्याकडे राहायला गेलो, आणि नवऱ्याने करमणूक म्हणून आमचा कन्सोलही नेला. टीव्ही नवा, पण भिंत तीच. कंट्रोलर एकमेकांना देत खेळायचा एक गेम आहे, सैन्य लपवायचं, पाळी बदलायची. मी म्हटलं, आमच्या घरचा नियम आहे, ज्याची पाळी नाही त्याने ओट्याशी. नवरा पहिल्यांदा गेला तेव्हा मी दोनदा मान वळवून बघितलं, हा बघतो तर नाही? आई भांडी कागदात गुंडाळत होती, ती हसून म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. मग माझी पाळी संपली आणि मी ओट्याशी जाऊन उभी राहिले, तुम्ही उभे राहायचात तिथे. समोर पाण्याचं स्टीलचं पिंप. आईने ते इतकी वर्षं घासून घासून लख्ख ठेवलंय. आणि त्या पिंपात टीव्ही दिसला. वाकडा, पोट फुगलेला, पण दिसला. नवऱ्याचं निळं सैन्य डाव्या कोपऱ्यातल्या जंगलात गेलं, हेसुद्धा दिसलं.

म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं! आणि मग मी जिंकत होते ते कसं? पहिल्यांदा बघून मला हरवलंत आणि नंतर दया येऊन बघूनच जिंकू दिलंत? काडेपेट्यांची विद्या, माझी ती एकुलती एक शाबासकी, सगळा देखावा? आणि जो माणूस स्वतःच्या पोरीशी खेळताना बघतो, तो यार्डात काय करणार नाही? बघा, कुठल्या कुठे गेले मी. तो डाव मी जिंकले, पण तोंडात चव नव्हती. नवरा खाली दूध आणायला गेला आणि मी आईला म्हटलं, तुला माहीत होतं, बाबा पिंपात बघून खेळायचे? मला तर तिथे उभं राहून कधीच काही दिसलं नाही, मी बुटकी होते म्हणून असेल.

आईने हातातली कळशी खाली ठेवली. इतकी वर्षं शहरात राहून तिची बोली गेली नाही, आणि चिडली की ती अगदी गावचीच होते. "तुजे बाबा कशाला बगतील? ते तर टावेल टाकायचे पिंपावर. मी ओरडायची, प्यायच्या पान्यावर ओला टावेल कशाला टाकताव. तर बोलायचे, राहू दे, यात पोरीचा डाव दिसतो."

ती पुन्हा भांडी गुंडाळायला लागली आणि मी तिथेच. कारण ते ओरडणं मला पाठ आहे, बाबा. संध्याकाळ, कॅसेट फुंकून घातलेली, आणि आतून आईचं रोजचं एकच, टावेल काढा तिथून, वास येतो पाण्याला. मला वाटायचं, नवराबायकोची नेहमीची कुरबूर. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, का टाकता. मी ओट्याशी उभी राहायचे तेव्हा समोर तो पंच्यासारखा जुना हिरवा टॉवेल असायचा, हेही आत्ता आठवतं. मी बुटकी नव्हते. दिसायला तिथे काही नव्हतंच.

टॉवेल म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. माझ्यासारखीला तर नक्कीच कळतं. यार्डात टॉवेल नव्हता, मागच्या रांगेचं काय झालं ते मला कुणी सांगणार नाही, लिलावाचंही नाही. कदाचित टॉवेलच्या कडेने बघत असाल, असंही काल मनात आलंच, जित्याची खोड. पण ज्याला पोरीचे खोटे शिपाई बघायलाही नको वाटले, आईची रोजची बोलणी खाल्ली पण कारण पुढे करून मोठेपणा घेतला नाही, तो यार्डाच्या चौकशीतही तसाच गप्प बसला असेल, एवढं मला आता वाटू शकतं. 'नाही' म्हणायची तुम्हाला सवयच नव्हती. मी जिंकत होते ते मीच जिंकत होते. मला रडू आलं, कळशीच्या कागदांवर बसून चांगलं हुंदके देऊन रडले, आणि आईला वाटलं घर सुटतंय म्हणून.

पिंप आई भंगारात देणार होती, ते मी खारघरला आणलं. आता ते आमच्या ओट्यावर आहे आणि हे पत्र मी त्याच्याशेजारी बसून लिहिते आहे. लिहून झालं की घडी करून टाकणार त्याच्याच खाली, पाठवायचं तर कुठे? फक्त एक दुरुस्ती राहिली. नवऱ्याचं सैन्य जंगलात गेलेलं मला पिंपात दिसलं, असं मी वर लिहिलंय. दिसलं ते एकदा, बाबा. त्यानंतर सगळा डाव, प्रत्येक पाळीला, मी बघितलं.