अकरा आणि बारा

होल्मरॉइड, १८ डिसेंबर १९७४

प्रिय एनिड,

आपल्या हातघंटा वाचल्या गं! हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र जीव मुठीत धरून वाचशील. गेल्या नाताळच्या कार्डात कळवलं होतं ना, की सभागृह समितीच्या क्राउदरने आम्हाला एक वर्षाची मुदत दिलीय? पुढच्या नाताळात सहा जणांनी उभं राहून वाजवून दाखवा, नाहीतर बाराच्या बारा घंटा वाचनालयात काचेच्या कपाटात जातील, असं म्हणाला होता तो. आम्ही उरलो होतो चौघं. बारा घंटा, आठ हात, आणि प्रत्येक गाण्याला भोकं. माझ्या आजोबांनी गिरणीतून सुटल्यावर ज्या घंटा वाजवल्या, त्यांच्यावर धूळ बसलेली बघायची वेळ माझ्यावर येणार म्हणून मी वर्षभर धड जेवले नाही. खोटं कशाला बोलू, जेवले, पण चव लागली नाही.

दोन माणसं हवी होती. शेवटी मिळाली कोण, तर स्टॅन्ली होलरॉइड! हो, तोच, खाटीक. आणि त्याची बायको नोरा. नोरा हुशार, तीन मंगळवारांत तयार झाली. पण स्टॅन्ली म्हणजे अगं काय सांगू! बोटं त्याच्याच सॉसेजएवढी. पांढरे हातमोजे त्याला होईनात, नोराने दोन जोड उसवून एक केला. पहिल्या दिवशी त्याने घंटा अशी हाणली की आपल्या आर्नल्डची कवळी हलली. मी म्हटलं, "स्टॅन्ली, ती घंटा आहे, डुक्कर नाही." तर म्हणतो, "बाई, डुक्कर एकदाच ओरडतं, तुम्ही गेला तासभर ओरडताय." सगळे हसत सुटले आणि मीही हसले. तू गट सोडून गेल्यापासून सरावाच्या खोलीत इतकं हसणं झालंच नव्हतं.

त्याला कुठल्या घंटा दिल्या, ते तू ओळखलं असशील. अकरा आणि बारा. नऊ वर्षं मी त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता, दर शनिवारी मीच पुसत होते. पण एक गोष्ट मी त्याच्या डोक्यात अगदी ठोकून बसवली : उभा राहिलास की आधी मुठीच्या चामड्यावरचा आकडा वाच, मग घंटा उचल. दुसऱ्या कुणी मांडल्या असतील तर दोनदा वाच. तो वैतागला. म्हणाला, "मांडणाऱ्यावर तुमचा एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "आकडा वाच."

शनिवारी सभागृह दारापर्यंत भरलं होतं. बाहेर बर्फ, आत ओल्या कोटांचा वास, आणि क्राउदर पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेला. आणि स्टॅन्लीचा पत्ता नाही! नाताळची टर्की न्यायला दुकानासमोर ही रांग. नोराला घाम फुटला. आपला नियम तुला माहीतच आहे, ज्याच्या घंटा त्यानेच मांडायच्या. पण क्राउदर उठायला लागला, तशी मी घाईघाईने टेबलापाशी गेले आणि त्याच्या दोन्ही घंटा मांडून टाकल्या. एवढ्यात स्टॅन्ली आला, धापा टाकत, कानाला टर्कीचं पीस चिकटलेलं. हातमोजे चढवले, वाकला, आकडे वाचले आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मेव्हिसबाई, प्रेक्षकांच्या बाजूने उभं राहून मांडलंत की काय? बारा माझ्या डाव्या हाताला आलीय!" लोक खो खो हसले. त्याने घंटांची अदलाबदल केली आणि मला डोळा मारला. मी मात्र त्या दोन आकड्यांकडेच बघत राहिले.

पण मग काय वाजवलं आम्ही, एनिड! एकही भोक नाही. शेवटच्या ओळीत बारा वाजते ना, ती स्टॅन्लीने इतकी हळुवार वाजवली की नोरा तिथेच रडायला लागली, तरी तिचा हात चुकला नाही. लोक उभे राहिले. क्राउदरने टाळ्या वाजवल्या, हातमोजे न काढता, पण वाजवल्या. म्हणाला, "कपाटात दुसरं काहीतरी ठेवू." आर्नल्डने मला उचललं, ह्या वयात! टाळ्या थांबेनात, आणि मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर पुन्हा कधीच बोलणार नाही. मी पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं. तेच आता तुला सांगतेय, जे तुला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं.

नऊ वर्षांपूर्वी स्पर्धेच्या दिवशी तुझी बस उशिरा आली, आठवतं? तुझ्या घंटा मी मांडल्या होत्या. अशाच, प्रेक्षकांच्या बाजूने. तू आकडे बघितले नाहीस, कारण मांडणारी मी होते. शेवटचा सूर चुकला, आपला चषक गेला. तू म्हणालीस, "माझा हात चुकला," हातमोजे टेबलावर ठेवलेस आणि निघून गेलीस. घंटा आवरताना मला दिसलं, अकराच्या जागी बारा होती. मला तेव्हाच कळलं, एनिड, आणि मी तोंड उघडलं नाही. चषकाचं नाही गं, सगळे माझ्याकडे कसे बघतील ह्याचं भय वाटलं. तुझा हात कधीच चुकला नव्हता. गावाला आता ते ठाऊक आहे. सभागृहात कुणी ओरडलं नाही, फक्त आर्नल्ड म्हणाला, "मग तिला लिही की!" आणि स्टॅन्ली म्हणतो, त्याला आर्नल्डच्या सगळ्यांत जाड दोन घंटा द्या, त्या त्याच्या बोटांना शोभतील, आर्नल्डचे गुडघे दुखतातच, तो समोर बसून ताल देईल. रागावायचं तर रागाव, मी ते सोसेन. पण ये. मंगळवारी सात वाजता सराव आहे. तुझे हातमोजे धुऊन ठेवलेत. अकरा आणि बारा पेटीतच असतील. मी त्यांना हात लावणार नाही, तूच येऊन मांड.

तुझीच, जशी तेव्हा असायला हवी होती तशी,
मेव्हिस