मुलाखतीला नक्की ये

लातूर,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय आलोक,

आमच्याकडचा शरणार्थ आणि तुमच्याकडचा नमस्कार, दोन्ही घे. वसंतकाकांची तब्येत कशी आहे? सिंधुवहिनी आणि उर्वी मजेत असतील. आमच्याकडे ठीक. नळाला पाणी आलं की सुकन्या अजूनही घर डोक्यावर घेते, एवढंच.

तू मेळाव्याला आला नाहीस. तुझ्याच नांदेडात आपली इतिहासाची सगळी बॅच विद्यापीठात जमली आणि तूच नाही. बरं केलंस म्हणा. एकेकानं माईकसमोर उभं राहून नाव, हुद्दा, मुलंबाळं सांगायची होती. शिवप्रसादनं उदगीरच्या खताच्या दुकानाला 'माझी फर्म' म्हटलं. त्यानं एम.ए. कशासाठी केलं हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं. सौदामिनी पुण्यात मोठी अधिकारी झालीय. सरकारी गाडी, हाताखाली माणसं, सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव मात्र घेतलं नाही. कोणी विचारलंही नाही, सगळ्यांना माहीत होतं. जेवणात तेवढाच विषय होता.

मग तुझी आठवण निघाली. सौदामिनीनं विचारलं, "आपला गोल्ड मेडलिस्ट काय करतो?"

शिवप्रसाद म्हणाला, "आलोक? त्यो अजून तासावरच हाय की! कॉलेजला सुट्टी लागली की याच्या घरी उपास!"

लोक हसले. मीही थोडा हसलो. सगळे हसत असताना एकट्यानं तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही. पण लगेच सांगितलं, की तो आमच्याच संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात शिकवतो आणि त्याच्यासारखा शिकवणारा पगारी प्राध्यापकांतही सापडणार नाही. त्यावर टाळ्या पडल्या. तुझ्यासाठी टाळ्या पडल्या, आलोक.

आता कामाचं. मुलाखतीचं पत्र तुला मिळालंय. आमच्या लातूरच्या कॉलेजात इतिहासाची कायम जागा इतक्या वर्षांनी निघाली. पुन्हा निघेल तोवर आपण दोघंही म्हातारे झालेले असू. तुझा मेसेज वाचला, "शंकर, या वेळी होईल ना रे?" उत्तर दिलं नाही. घाईत काहीतरी लिहून जायला नको होतं.

तेवढ्यात वहिनींचा सुकन्याला फोन. उर्वीला अकरावीला लातूरलाच घालायचंय, जवळपास खोल्या मिळतील का? सुकन्या भोळी. म्हणाली, "या की वहिनी, मी बघून ठिवते." औसा रोडला तिनं दोन खोल्या बघूनही ठेवल्या. काकांनी तर अर्धांगानं जीभ जड झालेली असतानाही मला फोनवर आशीर्वाद दिला. शब्द नीट उमटत नव्हते, पण "पोराला कायम केलंस" एवढं कळलं. मी "हो काका" म्हणालो. आजारी माणसाला दुसरं काय सांगायचं?

शिवकन्या तुझीच विद्यार्थिनी. माझ्या धाकट्या भावाशी, सोमेशशी लग्न होऊन ती आमच्या घरात आली आणि इथंच तिनं पीएच.डी. पुरी केली. प्रकरणं तू वाचून, सुधारून दिलीस हे ती स्वतः सांगते. गुणी आहे. तिचं शिक्षण वाया जाऊ नये, असं आई धरून बसलीय. संस्था आमच्या अप्पांनी उभी केली. घरच्या सुनेला घरच्या कॉलेजात जागा नाही, तर कुणाला? तुला हे पटेल. तू कधीच हट्टी नव्हतास.

तुला वाटेल, मग मला बोलावलं कशाला? अरे, समितीसमोर एकटाच उमेदवार बसला तर बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला शंका येते. आणखी दोघं लागतात आणि तेही पात्र लागतात. सगळीकडे असं कोणीतरी जाऊन बसतं, चहा-बिस्किट खाऊन परत येतं. मुरुडचा वीरण्णा तयार झालाय. त्याला खरंच काही येत नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. काळजी तुझी आहे.

तज्ज्ञ निजामाच्या काळातल्या महसुलावर विचारणार. म्हणजे तुझ्या प्रबंधाचाच विषय. दोन वाक्यांत आटप. तुला बोलायची लहर आली की समोरचा वही काढून लिहून घ्यायला लागतो. तसं होऊ देऊ नकोस. 'आता नीट आठवत नाही' म्हण. मेडल घरीच राहू दे. शिवकन्या बाहेर तुझ्या पाया पडेल, तेव्हा तोंडभर आशीर्वाद दे. पोर फार घाबरलीय.

तासिकांना यंदा कात्री लागणार आहे. प्राचार्यांनी तुझंच नाव पहिलं सुचवलं होतं, मी थांबवून धरलंय. तू आलास की ते तसंच थांबेल, माझा शब्द.

वहिनींना मुलाखत झाल्यावर सांग. त्यांचा चेहरा उतरला की तुझाही उतरतो आणि तसा चेहरा घेऊन समितीसमोर बसलास तर सगळंच बिघडेल. खोल्यांचं सुकन्या सांगेल काहीतरी. काकांना सांगूच नकोस. आता त्यांचं राहिलंय किती? समाधानानं जाऊ देत.

आमच्यातलं कोणी म्हणालं, आलोकला बोलावू नका, तो कोर्टात जाईल. मी म्हटलं, मी त्याला ओळखतो. एम.ए.ला असताना माझ्या गाडीवर मागं बसून यायचा आणि उतरल्यावर रोज आभार मानायचा. तो कुठंही जाणार नाही.

पत्र घेऊन आलेला मल्लिनाथ आमचा ड्रायव्हर. तुझं वाचून होईपर्यंत तो दारात उभा राहील. फोटो काढू नकोस, वाचून झालं की त्याच्याच हातात परत दे. आणि वहिनींना म्हणावं, त्याला चहा करा, लांबून आलाय.

तुझ्या भल्याचाच विचार करणारा,
उमाशंकर