बॉल जमिनीला लावायचा नाही

१५ जून १९६४
आजपासून मी हेड कोच. महिला बास्केटबॉल. आमच्या पनवेलच्या नव्या कॉलेजचे सेक्रेटरी दिनानाथशेठ यांनी पेढीवर बोलावून विचारलं, “काशिराममास्तर, युनिव्हर्सिटी मुलींचा संघ मागते आहे. तुम्ही मुंबईला साहेबाच्या जिमखान्यात होतात ना? हा खेळ येतो?” मी म्हटलं, “डोळे मिटून.”
लढाईच्या साली मी तिथे मार्कर होतो. रोज संध्याकाळी मडमा बॉल खेळायच्या आणि बाहेर गेलेला बॉल मी आणून द्यायचो. हा खेळ माझ्याइतका जवळून पाहिलेला माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नाही.
मराठी चौथी झालेला माणूस कॉलेजात शिकवणार म्हणून शाळेच्या ड्रिलमास्तरांचा जळफळाट झाला आहे. होऊ दे.
बायकोला सांगितलं. गंगाबाई म्हणाली, “त्या पोरींचा काय गुना?”
संकल्प: पहाटे उठणे. चहा दोनदाच. कोणावर चिडणे नाही. वर्षात युनिव्हर्सिटी जिंकणे.

१६ जून
उशिरा उठलो. चहा चार झाले. गंगाबाईवर चिडलो, पण चूक तिची.

२ जुलै
बळीराम सुताराने खांबाला कडं बसवलं आणि कड्यामागे ही भली मोठी फळी ठोकली. विचारलं, “फळी कशाला? दुकान मांडायचंय का?” म्हणतो, मुंबईच्या शाळेत अशीच बघितली. सुतार मला शिकवणार! समोर उभं राहून काढायला लावली. मडमांच्या मैदानावर नुसता खांब आणि कडं. बस्स.
बळीराम जाताना काहीतरी पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं.

२० जुलै
मैदानात गुडघाभर चिखल. वर्गात बसवून नियम शिकवले. संघात मुली सात. सातही जणींनी आपापल्या भागात उभं राहायचं, दुसरीच्या भागात पाऊल टाकायचं नाही. बॉल हातात आला की पाय जागच्या जागी. आणि बॉल जमिनीला लावायचा नाही. हा सगळ्यात मोठा नियम.
कामोठ्याची जनी म्हणून एक मुलगी आहे, मिठागरवाल्यांची. उंच, काळीसावळी, तोंडाची फटकळ. म्हणाली, “मग पुढं जायचा कसा, सर?”
मी म्हटलं, “आपण जायचं नाही. बॉल जाईल.”
सगळ्या हसल्या. अडाणी.

१४ सप्टेंबर
चिखल वाळला. मुलींनी मैदान स्वतःच चोपून काढलं, खळं करतात तसं. हे मात्र त्यांना चांगलं येतं. खेळ येत नाही.
जनी बॉल कड्यात टाकते ती डोक्यावरून, अंगाला झोका देऊन. मिठाची भरलेली पाटी राशीवर रिकामी करतात ना, अगदी तशी. दहातले आठ पडतात हे खरं, पण शोभत नाही. छातीजवळ बॉल धरून मडमेसारखा अलगद टाकायचा, असं बजावलं. आता दहातले दोन पडतात. पण काय सुंदर दिसतं!
भामाला मागच्या भागात उभं केलंय. तिच्याकडे बॉल जातच नाही. ती तिथे चिंचा खाते. खेळाबद्दल आस्था कशी ती नाही.

५ ऑक्टोबर
घात. कॉलेजात शारीरिक शिक्षणाला कोणी कमळाबाई आल्या आहेत. वय असेल पंचवीस. डिप्लोमा. सायकलवरून येतात! तासभर काठावर उभ्या राहून आमची प्रॅक्टिस बघितली आणि मग गोड आवाजात मला म्हणाल्या, “काका, मुली छान खेळतात. पण हा बास्केटबॉल नाही.”
काका!
पुढे सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, मडमा खेळायच्या तो नेटबॉल, वेगळाच खेळ. बास्केटबॉलमध्ये मुली पाचच, कड्यामागे फळी, आणि बॉल आपटत आपटत पळायचं असतं.
मी म्हटलं, “बाई, तुम्ही रांगत होतात तेव्हा मी हा बॉल उचलत होतो.”
जनी मागून म्हणाली, “उचलत व्हते. खेलत नव्हते.”
घरी आलो. सुंठेचं पाणी घेतलं. डिप्लोमा म्हणजे काय, कागदच तो.

७ ऑक्टोबर
शेठकडे तक्रार केली, की ही बाई संघात फूट पाडते. शेठ पान लावत होते. विडा तोंडात घातला. शेवटी म्हणाले, “दोघंही शिकलेली माणसं.” (माझ्याकडे बघून किंचित थांबले.) “जानेवारीत ठाण्याला सामना आहे. तिथे संघ जिंकला तर हेड कोच तुम्ही कायम. हरला तर कमळाबाई.”
मी तिथल्या तिथे कबूल केलं. गंगाबाईला सांगितलं तर कपाळाला हात लावून म्हणाली, “या वयात पैज? ह्या एका नावासाठी जगता तुमी. ता गेला तं घरात बसून माजा डोका खाल.”
जाणार नाही.

२२ नोव्हेंबर
जे वाटत होतं तेच. रविवारी सहज म्हणून कामोठ्याच्या बाजूला गेलो होतो. सहज म्हणजे पाळत ठेवायला. मिठागराच्या बांधावर ही डिप्लोमाबाई पदर खोचून उभी आणि माझ्या सातही मुली बॉल आपटत पळताहेत! धप्, धप्, धप्. भामासुद्धा पळत होती. तिला पळता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. कोण लपवत होतं इतके दिवस?
पुढे होऊन बॉल काखेत मारला. कमळाबाई म्हणाल्या, “काका, मुलींचं नुकसान होतंय.” मी म्हटलं, “नुकसान बॉलचं होतंय. झिजेल.”
जनीची आई मिठाची पाटी घेऊन चालली होती. डोक्यावरची पाटी न हलवता म्हणाली, “मास्तर, पोरींचा चेंडू घेऊन कयं चाललं? ल्हान हाव का तुमी?”
या लोकांना शिकवून उपयोग नाही.

२३ नोव्हेंबर
उपाय सापडला. बॉलमधली अर्धी हवा काढून टाकली. आता आपटा म्हणावं. जमिनीला लागतो तो उठतच नाही, भाकरीच्या पिठासारखा बसतो. माझ्या पद्धतीला काहीच अडचण नाही, हातातून हातात जातो. मुली माझ्याकडे अशा बघतात की जणू मी त्यांचं कोंबडं मारलंय.
डोकं चालवावं लागतं. डिप्लोम्यात हे शिकवत नाहीत.

१९ डिसेंबर
खोकला. झोप नाही. पोट साफ नाही. हे सगळं त्या बाईमुळे. आज स्टँडवर ड्रिलमास्तर भेटले. म्हणाले, “काय हेड कोच, बॉल पंक्चर झाला म्हणे?” हसत हसत म्हणाले. बरोबरचेही हसले. गावात ही बातमी कोणी पसरवली त्याचा तपास करणे.
चहा सोडला.

२० डिसेंबर
चहा पुन्हा धरला. सामन्याच्या तोंडावर प्रकृतीचे प्रयोग नकोत.

१० जानेवारी १९६५, सकाळ
ठाणे. मुलींना शेवटचं भाषण केलं. पाय जागच्या जागी, बॉल हातातून हातात. कमळाबाईही आल्या आहेत, ‘पाण्याचं बघायला’. म्हटलं, पाण्याचंच बघा. आज निकाल लागेल. काळजी अजिबात नाही. दोनदा शौचाला जाऊन आलो, तो ठाण्याच्या पाण्याचा दोष.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बेकायदा! सगळं बेकायदा!
माझ्या सात मुली मैदानात गेल्या, पंचबाईंनी दोघींना परत पाठवलं. कड्यामागे फळ्या. आणि समोरच्या मुंबईच्या मुली शिट्टी वाजताच बॉल आपटत थेट आमच्या कड्याखाली! मी ओरडलो, “फाउल!” कोणी लक्ष देईना. पुन्हा आपटला, पुन्हा ओरडलो. आमच्या मुली बिचाऱ्या मी शिकवल्याप्रमाणे खांबासारख्या उभ्या. शेवटी अन्याय सहन होईना. मैदानात शिरलो आणि बॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरला.
पंचबाई म्हणाल्या, “आजोबा, बॉल द्या.”
मी म्हटलं, “आधी नियम.”
म्हणाल्या, “आपटणं हाच नियम आहे, आजोबा.”
मी बॉल सोडला नाही. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. कोणीतरी ओरडलं, “म्हाताऱ्यालाच कड्यात टाका!” मग दोन स्वयंसेवकांनी मला काखेत धरून कनातीबाहेर नेऊन बसवलं. लेमनची बाटली दिली. ती प्यायलो, कारण घशाला कोरड होती; निषेध कायम होता.
कनातीच्या आतून धप् धप् ऐकू येत होतं, मधूनच कमळाबाईंचं ‘पळा गं, पळा!’ मग टाळ्या. बऱ्याच वेळाने पुन्हा टाळ्या. मग सगळ्या बाहेर आल्या, घामाने निथळत, एकमेकींच्या गळ्यात पडत.
जिंकल्या.
म्हणजे जिंकलो! माझं पद कायम! सहा महिन्यांची शिस्त शेवटी कामाला आली. मी बाहेर बसून खेळ मोकळा करून दिला, हेही कोचिंगच आहे.

१२ जानेवारी
शेठकडे गेलो. नवा सदरा घातला. म्हटलं, “शब्द पाळा.”
शेठ म्हणाले, “मास्तर, शब्द मी दिलाच होता. पण काल सातही पोरी इथे येऊन बसल्या होत्या. ती जनी म्हणाली, ‘मास्तर आसतील तं आमी खेलनार नाय.’ बाकीच्या सहा नुसत्या माना हलवत होत्या. आता मला सांगा, पोरीच नाहीत तर तुम्ही कोच कोणाचे?”
मी म्हटलं, “दुसऱ्या पोरी आणा.”
शेठ म्हणाले, “कॉलेजात खेळणाऱ्या एवढ्याच आहेत.”
मग मानाने ‘सल्लागार’ करतो म्हणाले. सल्ला कोणी मागितला की द्यायचा. हे हेड कोचच्या वरचं पद आहे असं मला वाटतं. गंगाबाईला सांगितलं. तिने न मागता चहा पुढे ठेवला, हे जास्त लागलं.

१८ जानेवारी
सल्ला मागायला कोणी आलं नाही. बहुतेक पत्ता ठाऊक नसेल.

२४ जानेवारी
पुढचा सामना आपल्याच मैदानावर होता. जाणार नव्हतो. दोन घरं सोडून मैदान, त्यामुळे न जाणं बरं दिसलं नसतं. सतरंजीच्या कडेला बसलो. कमळाबाईंनी लांबून नमस्कार केला. मी बघितलं नाही.
शेजारी उरणचा एक कोळी बसला होता, मासळीच्या कामाने आलेला, गर्दी बघून आत शिरलेला. सगळ्या मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या. तो बघतच राहिला. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, “काका, क्या पोरी हायत! ह्यांना शिकवलाय कोनी?”
एवढे महिने हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी थांबलो होतो. मी सरळ बसलो आणि म्हटलं, “मी.”
तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि असा हसला, असा हसला, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तो त्यांना सांगायला लागला, “ऐकलाव का? काका बोलतान, ह्यांनी शिकवला!” तेही हसले. चेष्टा म्हणून नाही हसले. म्हाताऱ्याने छान विनोद केला म्हणून हसले. एकाने तंबाखू पुढे केली. मग मीही हसलो. दुसरं काय करणार?
मध्यंतराला उठून घरी आलो. गंगाबाईने विचारलं, “जिंकली का?” म्हटलं, “चालू आहे.”
इथे खाटेवर बसलो की मैदानातला ओरडा अगदी स्पष्ट ऐकू येतो. आपल्या बाजूचा आहे की त्यांच्या, तेवढं मात्र घरातून कळत नाही.