एक मोबाईल, एक पेशंट

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. राग आला की तोंडाने बोलायचं नाही, इथे लिहायचं. क्रांतीने सुचवलं म्हणून नाही. बायकोचं ऐकून मी काही करत नाही. मीच ठरवलंय.

काम मोठं मिळालंय. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत, शाहूपुरीतच, डॉ. मगदूम यांचा हाडांचा दवाखाना आहे. तिथे नंबर कसा लावतात? चपलेने! पहाटे यायचं, पायातली एक चप्पल पायरीपासून ओळीत ठेवायची आणि दुसरी घालून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं. आठ वाजता कंपाउंडर हंबीरराव येतात आणि चपलांच्या क्रमाने नंबर वाटतात. माणसं चंद्रावर जाऊन आली आणि कोल्हापुरात अजून चप्पल.

आता आमचं वेब अ‍ॅप येणार. घरबसल्या नंबर. फेब्रुवारीअखेर निम्मे पेशंट अ‍ॅपवरून आले, तर डॉक्टर त्यांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये माझं नाव सुचवणार. म्हणजे गावातले सगळे दवाखाने माझे. मेव्हण्याला लगेच फोन करून सांगून टाकलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

स्नेहल, आमची डेव्हलपर. कामाला बरी, तोंडाने जास्त. म्हणते, आधी दोन-चार दिवस पहाटे दवाखान्याच्या पायरीवर बसू, लोक काय करतात ते बघू, मग स्क्रीन काढू. मी नाही म्हणालो. जन्म कोल्हापुरात गेला, मला कसले युजर दाखवते? आणि पायरीवर बसायला आपण काय पेशंट आहोत? ऑफिसच्या दारावर 'युजर एक्स्पिरियन्स तज्ज्ञ' अशी पाटी आहे, ती उगीच नाही. (मीच लावली.)

रागावलो नाही. मार्कर फक्त टेबलावर ठेवायचा होता, तो खिडकीपर्यंत गेला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डिझाइन फायनल. आधी ईमेल. मग पासवर्ड, त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मग ओटीपी. मग कॅलेंडरमधून जन्मतारीख. मग आपण रोबो नाही हे सिद्ध करायचं. सुरक्षेत तडजोड नाही.

स्नेहल म्हणे नाव आणि मोबाईल एवढंच पुरे. नाही म्हणालो. म्हणे, कॅलेंडर या महिन्यावर उघडतं, सत्तरीच्या माणसाने जन्मसालापर्यंत बाण किती वेळा दाबायचा? मी म्हणालो, तेवढाच बोटांना व्यायाम, हाडांचाच दवाखाना आहे. कोणी हसलं नाही. या टीमला विनोदबुद्धी नाही, हाही एक प्रॉब्लेम आहे.

चहा कमी करायचा. उद्यापासून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उद्घाटन. नारळ फोडला, पेढे वाटले. पहिला नंबर टेस्टसाठी मीच माझ्या मोबाईलवरून घेतला. सगळं झकास चाललं.

मग बाहेर आलो तर चपलांची रांग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. हंबीररावांना आधीच बजावलं होतं की आजपासून चप्पल बंद. ते म्हणाले, "मी सांगिटलं की! पर लोकं इचारत्यात, त्या अ‍ॅपात चप्पल कुठं ठेवायची?"

डोकं फिरलं. तरी शांतपणे एका आजींना घेऊन बसलो. शालूबाई, आजऱ्याकडच्या, गुडघा दुखतो. ईमेल नव्हता म्हणून माझाच टाकला. रोबोच्या चित्रापर्यंत आणलं. ज्या चौकोनात सिग्नल दिसतोय तो दाबा म्हणालो. आजी म्हणाल्या, "आमच्या वाडीत शिंगल न्हाय बाबा. कुठला दाबू?" मी म्हणालो, वाडीतला नाही हो, चित्रातला! जरा मोठ्याने म्हणालो असेन. आजी उठल्या, चप्पल ठेवली आणि टपरीवर गेल्या.

निष्कर्ष : अ‍ॅप बरोबर आहे. पेशंटला ट्रेनिंग हवं.

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी

आज कहर झाला. मलकापूरहून ज्ञानू नावाचा माणूस पोतं घेऊन आला. पोत्यात दहा-बारा चपला! सगळ्या वेगवेगळ्या, एकेकच. पायरीवर बसून ओळीने मांडत होता. "ही तानाबाईची, ही सोसायटीच्या शिपायाची, ही आमच्या सासऱ्याची." हा पहाटेच्या गाडीने पुढे येतो, सगळ्यांचे नंबर लावतो आणि पेशंट मागून जीपने येतात. बरीच वर्षं असंच चालतं म्हणे. हंबीररावांना हे ठाऊक होतं. मला कोणी सांगायला नको?

मी त्याचा मोबाईल घेतला. एक नंबर निघाला. दुसरा काढायला गेलो, तर 'या मोबाईलवरून नंबर घेतलेला आहे'. मोबाईल परत घेऊन ज्ञानू बटण दाबतच राहिला. शेवटी अ‍ॅपने त्याला कायमचं ब्लॉक केलं. सिस्टिम किती चोख आहे बघा. एक मोबाईल, एक पेशंट. माझा नियम. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि नंबरांचा काळाबाजार करेल.

ज्ञानू म्हणाला, "पावणं, म्हातारीकडं मोबाईल असता तर तिनं मला कशाला धाडला असता?"

दुपारी

स्नेहल म्हणे, एका मोबाईलवर अनेक नावं घेता येतील, अर्ध्या दिवसाचं काम आहे, करू का? माझ्याकडे बघत उभी राहिली. मी नाही म्हणालो. फ्रॉडला आपण दार उघडायचं? ती तरीही उभीच. संतापाने मान झटकली तर मानेत कट्ट झालं. लचकली बहुतेक. हिच्यामुळे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मान धरलीये. डावी-उजवीकडे फिरते, पण वर-खाली अजिबात होत नाही. कीबोर्ड दिसत नाही. जेवताना ताट दिसत नाही. क्रांती म्हणते मगदूमांना दाखवा. नाही म्हणालो. क्लायंटसमोर असं जायचं नसतं.

पेशंटच्या ट्रेनिंगसाठी व्हिडिओ केला. लांबलचक झालाय, पण त्यात मी स्वतः बोललोय. दवाखान्यातल्या टीव्हीवर लावला. हंबीररावांनी आवाज बंद करून टाकला.

स्नेहलने राजीनामा दिला. तिथल्या तिथे मंजूर केला. रागाने नाही. माउस आधीपासूनच तुटका होता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

महिना संपला. अ‍ॅपवरून आलेले पेशंट तीन. त्यातला एक मी, एक डॉक्टरांची मुलगी, आणि एक कोण ते कळत नाही. मात्र चपलावाले मोजले नाहीत, तर शंभर टक्के पेशंट अ‍ॅपवरूनच आले. डॉक्टरांना फोन करून हे समजावून सांगितलं. त्यांनी आकडा पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाले, "बघू."

म्हणजे पटलंय.

सोमवार, ३ मार्च. पहाटे

रात्रभर झोप नाही. मान म्हणजे लोखंडी सळई झालीये. आता जावंच लागणार. पण चप्पल ठेवणार नाही. मेलो तरी नाही. स्वतःच्या अ‍ॅपवरून रुबाबात नंबर घेणार.

'या मोबाईलवरून नंबर घेतलेला आहे.'

उद्घाटनाचा टेस्ट नंबर! तो रद्द करायचाच राहिला. हेल्पलाइनला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मग आठवलं, हेल्पलाइनला माझाच नंबर दिलाय.

दुपारी

ठेवली चप्पल. ज्ञानूच्या पोत्यातल्या चपलांना लागून. मान वाकत नाही म्हणून पायानेच सरकवली. हंबीरराव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "धैर्यशीलराव, तुमीबी व्हय? ठेवा की, लाजताय कशाला! जरा सरळ ठेवा, मागच्याला जागा ऱ्हाऊ दे."

आठला नंबर मिळाला. सगळ्यांनी आपापल्या चपला उचलल्या. मला खाली वाकता येईना, म्हटलं नंतर कोणाला तरी उचलायला सांगू.

डॉक्टरांनी मान तपासली. डावी-उजवीकडे फिरवायला लावली. छान फिरली. मग वर-खाली करायला लावली. नाही झाली. डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "तुमची 'नाही'ची मान ठणठणीत आहे. 'हो'ची तेवढी धरलीये."

मग म्हणाले, स्नेहल गेला आठवडाभर रोज पहाटे पायरीवर येऊन बसते, लोकांशी बोलते, ज्ञानूशीही बोलली. मीटिंगमध्ये तिचं नाव सुचवतोय, तुमची काही हरकत? एवढा संताप आला की काय सांगू. नाही म्हणायला मान हलवली, आणि त्यांनी 'हरकत नाही' असा अर्थ घेतला.

बाहेर आलो तर चप्पल नाही. ज्ञानूच्या चपलांना लागून होती, त्याने सगळ्यांसोबत पोत्यात घातली असणार. त्याचे पेशंट जीपने येऊन, दाखवून, परत गेलेसुद्धा. चोर! नवी कोरी कोल्हापुरी होती. ताबडतोब फोन करायला अ‍ॅप उघडलं. त्याचा नंबर नाही. ब्लॉक केलेल्यांची माहिती पुसून टाकायची, हाही नियम माझाच.

हंबीररावांना विचारलं, तो परत कधी येईल? म्हणाले, "येतोय की, पेशंट असंल तवा. फाटचं येऊन बसा, गावंल."

म्हणजे आता रोज पहाटे पायरीवर बसून कोण येतंय, काय करतंय ते बघत राहावं लागणार. फक्त चपलेसाठी. दुसरं काही कारण नाही.