चौथ्या पानावरचं काटकसरी घर

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकवलं तेवढं गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? आणि शनिवारी दुपारच्या बसने तुमची बहीण तिकडे आली, ती कशी आहे? म्हणजे प्रकृतीने. रागाने कशी आहे ते मला ठाऊक आहे. तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता माझीही ऐका.

नगरपालिकेचं वार्तापत्र दर महिन्याला घरोघरी फुकट टाकतात (आणि लोक त्यावर भाजी निवडतात), त्याचा संपादक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक मीच, हे तुम्ही जाणताच. यंदा विजेचे आणि पाण्याचे दर एकदमच वाढले. लोक खवळले. आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून फर्मावलं, यांची डोकी थंड होतील असं काहीतरी छापा. म्हणून मी चौथ्या पानावर ‘काटकसरी घर’ हे सदर काढलं आणि वाचकांकडून त्यांच्या घरच्या बचतीची माहिती मागवली. माहिती एकाचीही आली नाही, शिव्या मात्र तीन पाकिटं भरून आल्या. पान तर छापायला जायचं! आमचं बिल गल्लीत सगळ्यांत कमी, तेव्हा दिलं आपलंच घर ठोकून. लिहिण्याच्या भरात ‘कुटुंबप्रमुखांच्या शिस्तीमुळे’ आणि ‘गृहिणीही हसतमुखाने साथ देते’ अशी दोन वाक्यं पडली. आमच्या धंद्यात अशी वाक्यं पडतातच, दादा.

साहेब इतके खूश झाले की शनिवारी सकाळी आमचं घर सगळ्यांना बघायला मिळेल, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. तीसेक माणसं आली. जिना चपलांनी भरला. मी इस्त्रीचा सदरा घालून सज्ज. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, मीटर कुठे आहे? आता सव्वीस वर्षं मी त्या घरात राहतोय, पण मीटरशी माझा कधी संबंध आला नव्हता. मोठ्या ऐटीत एक दार उघडलं, तर आत केरसुणी आणि जुन्या चादरी! मग त्यांनी विचारलं, दिवे किती वाजता बंद करता? मला काय माहीत? मी झोपलो की ते बंद होतात. लोक एकमेकांकडे बघायला लागले, तसा मी घाईघाईने विषय बदलला आणि नळाची धार बारीक कशी ठेवायची ते दाखवायला मोरीत शिरलो. फिरवला उलटा. नळाचं डोकं माझ्या हातात आलं आणि फवारा थेट साहेबांच्या तोंडावर! शिक्षिकाबाईंनी शांतपणे छत्री उघडली.

तुमची बहीण दारातच उभी होती. ती आत आली, कुठलातरी कॉक बंद केला, फरशी पुसली आणि एवढंच म्हणाली, “हसतमुखाने पुसली, असं छापा.” सगळे खो खो हसले. तीस माणसांसमोर, दादा! संपादकाची काय शोभा राहिली? आणि वर बॅग भरून तीच निघाली.

चूक झाली असेल तर ती शब्दयोजनेची. एवढ्यासाठी घर सोडायचं म्हणजे अतिच झालं. माझं इथे उत्तम चाललं आहे, काळजी नसावी.

तुमचा,
(बराचसा वाळलेला) मेव्हणा

ता. क. उत्तम म्हणजे, तिने कोणता कॉक फिरवला तो सापडत नाही. घरात पाण्याचा थेंब नाही. अंघोळ न्हाव्याच्या दुकानामागे करतो. तेवढं तिला विचारून कळवा.

आणखी ता. क. कॉकचं राहू द्या. तिला पाठवून द्या. छे, पाठवून काय द्या, ती काय पार्सल आहे? येते का, एवढं विचारा. घर खायला उठतं हो.

शेवटचं ता. क. सोबत आजच निघालेला अंक आहे. पहिल्या पानावर, दरवाढीच्या बातमीच्याही वर, तिच्या नावानिशी चौकट छापली आहे: बचत सगळी तिची, सव्वीस वर्षं ती एकेक दिवा विझवत आली आणि कुटुंबप्रमुख नुसते घोरले. साहेबांना विचारलं नव्हतं. उद्या सकाळी बोलावणं आहे, नोकरी राहील असं वाटत नाही. अंक तेवढा तिच्या हातात द्या. आणि हे पत्र तिने बघायच्या आत फाडून टाका.