तो घर्र आवाज

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.
लेकीची निवड झाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जुन्या गोदामात नव्या मुलांचा इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा कार्यक्रम आहे, त्यात तिला स्वतःचा एक ट्रॅक वाजवायचाय. चारचौघांत वाजवायची पहिलीच वेळ. ट्रॅक अजून पुरा व्हायचाय. झाला की आधी बाबाला ऐकवणार आणि बाबा हो म्हणाला तरच वाजवणार, असं तिने जेवताना जाहीर केलं. बाबाच का, असं तिच्या आईने विचारलं. कळेल, म्हणाली.
मला तर आत्ताच कळलं. या घरात कान म्हणावेत असे दोनच, आणि ते दोन्ही माझ्या डोक्याला आहेत. वजनमापं खात्यात नोकरी. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले. ग्रॅमचा फरक ज्याला सुटत नाही त्याला आवाजातला काय सुटणार?
अडचण एकच, घरात धड हेडफोन नाहीत. बायकोच्या मोबाइलबरोबर फुकट आलेले इयरफोन आहेत, पण त्यावर लेकीचं संगीत ऐकायचं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलायचं. होणार नाही.
ता. क. काल फार घोरलात, असं बायको सकाळी म्हणाली. मी घोरत नाही. खोल श्वास घेतो.

५ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. ऑफिसच्या वेळेतही चालू आहे, पण तो मन लावून करतोय.
हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. पाठ बंद असलेले आणि पाठ उघडी असलेले. बंद असले की बेस दणदणीत, उघडे असले की आवाज मोकळा, खोलीभर पसरल्यासारखा. ऑफिसातला डेसिबल म्हणाला की इलेक्ट्रॉनिकला बंदच घे, बेस नसेल तर त्यात उरतं काय. (डेसिबल हे आम्ही ठेवलेलं नाव. तो कुजबुजला तरी तळमजल्यावर फायली हलतात.) आवाजाबद्दल त्याचा सल्ला घेणं म्हणजे कमालच.
निर्णय: उघड्या पाठीचे. संकल्प: एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं आणि विषय संपवायचा.

७ फेब्रुवारी
घेतले! दुकानदार भला माणूस. पाच मिनिटांत म्हणाला की साहेब, असे कान दुकानात रोज येत नाहीत. मी हरभऱ्याच्या झाडावर चढणाऱ्यातला नाही, पण पारख असलेल्या माणसाचं म्हणणं टाळता येत नाही. म्हणून ठरवल्यापेक्षा एक नंबर वरचे घेतले.
सायं. ६. मोबाइलला लावले. डास गुणगुणतोय. आवाज पूर्ण वाढवला, डास जरा जवळ आला, बस.
दुकानदाराला फोन केला. म्हणे यांना मोबाइलची ताकद पुरत नाही, अॅम्प्लिफायर लागतो. त्याला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, तेवढं खटकलं.

८ फेब्रुवारी, रविवार
अॅम्प्लिफायर आणला. काचेच्या ट्यूबवाला, चालू केला की मंद नारिंगी उजेड पडतो. खोका ऑफिसचा आहे असं घरी सांगितलं. बायकोने खोक्यावरचं सगळं वाचलं आणि तुमचं ऑफिस आता नाचणार का, असं विचारलं.
नवे हेडफोन आधी काही तास चालवून मोकळे करावे लागतात. जाणकारांत यावर वाद आहे, म्हणजे मी आता जाणकारांत आहे. जेवण झाल्यावर सोफ्यावर आडवा होऊन एकसारखा सूंऽऽ आवाज लावला. शेजारी लेक माइक घेऊन बसली होती. विचारलं तर खोलीचा आवाज घेतेय म्हणाली. घे म्हटलं. पोर मेहनती आहे.
काम संपेतो चार वाजले. बायको म्हणाली मस्त झोप काढलीत. मी बजावलं की मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो. यावर मायलेकी इतक्या का हसल्या ते त्यांनाच ठाऊक.

१४ फेब्रुवारी
ट्रॅक मिळाला. लेकीने स्वतः आणून दिला आणि दाराशी उभी राहिली. मी खुर्ची सरळ केली, ट्यूब तापू दिल्या, डोळे मिटले.
घर्र.
अगदी सुरुवातीलाच! खालून चढत येतो, थांबतो, पुन्हा घर्रर्र. लगेच हेडफोन काढले. तिला समजावलं की अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगमध्ये दोष आहे, असल्या यंत्रावर तुझं काम ऐकणं म्हणजे तुझा अपमान. ती म्हणाली की बाबा, पुढे ऐक तरी. मी म्हटलं, काटा चुकलेला असताना मी माल तोलत नाही. तीस वर्षांत तोललेला नाही.
तिचा चेहरा जरा उतरला. बायको तोंडावर टॉवेल दाबून आत पळाली. सर्दी झाली असावी.

१५ फेब्रुवारी
नवी केबल. घर्र आहेच.
दुसरी गाणी लावून पाहिली, त्यांत घर्र येत नाही. याचा अर्थ उघड आहे. ती गाणी इतक्या बारकाईने रेकॉर्ड केलेलीच नाहीत.

१७ फेब्रुवारी
वायरमन आला. त्याला हेडफोन घातले. ऐकता ऐकता मान डोलावू लागला, मी आवाज बंद केला. मी म्हटलं की घर्र वर जातो, खाली येतो, मधेच थांबतो, म्हणजे विजेचा दाब कमीजास्त होतोय. तो लगेच हो म्हणाला. मी फ्रिज म्हटलं, त्यालाही हो म्हणाला. पंखा, ट्यूबलाइट, खालची पाण्याची मोटर, सगळ्याला हो. विषयाची जाण असलेला माणूस दुर्मीळ. उद्या सगळं बंद करून तपासायचं.

१८ फेब्रुवारी
रजा टाकली. फ्रिज बंद, पंखे बंद, दिवे बंद. खालच्या मजल्यावर जाऊन मोटर बंद करायची विनंती केली. खालच्या काकूंनी दार लावून घेतलं, पण जोरात नाही. अॅम्प्लिफायरपुरती वीज ठेवली.
दुपारभर तिघंही घामाघूम. आइस्क्रीमचं सरबत झालं, दूध नासलं. बायकोने नासलेलं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं.
घर्र तसाच. उलट शांततेत आणखी स्वच्छ.
मधेच सासूबाईंचा फोन. नातीने त्यांना ट्रॅक फोनवरच ऐकवलाय! म्हणे जावईबापू, झकास झालाय, हसून हसून पोट दुखलं. टेक्नो ऐकून हसतात? पण वयाचा मान राखून मी हो हो केलं.
लेकीने आज पुन्हा विचारलं, ऐकलास का. म्हटलं, होत आलंय.

२१ फेब्रुवारी
दुसरा अॅम्प्लिफायर. बिनट्यूबचा, स्वच्छ आवाजाचा. शिवाय बंद पाठीचे हेडफोन. (डेसिबल म्हणत होता तेच, पण मी स्वतंत्र विचार करून या मताला आलो. त्याला सांगायचं नाही.) दुकानदाराने आज चहा पाजला. आता नावाने हाक मारतो.
आणि शोध लागला! घर्र आता इतका स्पष्ट आहे की त्यात शेवटी एक बारीक शिट्टीसुद्धा ऐकू येते. म्हणजे दोष माझ्या सामानात नाहीच. घर्र रेकॉर्डिंगमध्येच आहे! माइक खराब. जगातल्या कुणाला जे ऐकू आलं नाही ते मी पकडलं.
रात्रीच्या जेवणाला लेकीला माझं मत दिलं. उत्तम आहे, फक्त सुरुवातीचा घर्र तेवढा काढून टाक. तिने विचारलं की पुढचं ऐकलं का. मी म्हटलं, पारखी माणसाला शितावरून कळतं. ती म्हणाली की बाबा, ते काढलं तर ट्रॅकच उरत नाही. आणि उठून गेली.
तांत्रिक टीका पचवायला वय लागतं. होईल सवय.

२४ फेब्रुवारी
लेक शनिवारी वाजवणार नाही. मला बोलली नाही, आईला बोलली. बाबाला आवडला नाही तर नकोच, म्हणे. उद्या-परवा आयोजकांना कळवेल. माइक बॅगेत गेला.
तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.
वाईट वाटतंय. पण खरं सांगणं माझं काम. तीस वर्षं दुकानदारही असेच रुसले. मात्र लेक लहानपणी ठेवायची तशी शाळेतून येताना आंब्याच्या गोळीतली अर्धी त्यांच्यापैकी कुणी माझ्यासाठी ठेवत नव्हता.
दोन अॅम्प्लिफायर, दोन हेडफोन टेबलावर. आज कशालाच हात लावला नाही.

२६ फेब्रुवारी
हे नीट लिहून ठेवतो.
ऑफिसातून आलो. बूटही काढू दिले नाहीत. बायकोने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि ते फुकटातले इयरफोन काढले. मी म्हटलं, यावर? ती म्हणाली की हो, यावरच, आणि संपेपर्यंत उठलात तर याद राखा. एक माझ्या कानात, एक तिच्या.
घर्र. मी तोंड उघडलं, तिने डोळे वटारले. बसलो.
दुसरा घर्र. तिसरा. चौथ्याला खालून ठोका आला, बरोबर घर्रच्या मापात. मग बेस. त्या फालतू इयरफोनमध्येही बेस आला हो! घर्र चढला की सूर चढायचे, घर्र थांबला की सगळंच थांबायचं, आणि शेवटच्या शिट्टीवर पुन्हा ठोका. पाय आपोआप हलायला लागला. मधे मिक्सर आला, आमच्या दाराची कडी आली, बायकोचं हसणं आलं. आणि मग सगळं बाजूला सारून एक माणूस स्पष्ट बोलला: मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो. डोळे मिटून ऐकत होतो. डोळे मिटून. डोळे मिटून. आणि पुन्हा धाडकन ठोका!
शेवटी ठोका गेला, सूर गेले. नुसता श्वास राहिला. शांत. अगदी आपल्या घरात आपल्या सोफ्यावर पडलेल्या माणसाचा.
स्टुलावर बसून रडलो. लपवत नाही. बायको म्हणाली की आता कळलं का पोरगी तुमचीच परवानगी का मागत होती. कान फार मोठे म्हणून नव्हे. मग तिने स्वतःचेही डोळे पुसले आणि बूट काढा म्हणाली.
तसाच लेकीच्या खोलीत गेलो. आयोजकांना निरोप लिहायलाच बसली होती. वाजव, म्हटलं. तिने विचारलं, आणि घर्र? म्हटलं, आवाज कमी पडतोय त्याचा. वाढव.
तिने मारलेल्या मिठीने एक बरगडी अजून दुखते आहे.

२८ फेब्रुवारी
गोदाम गच्च. स्पीकर जुने, एकाचा पडदा चक्क चिकटपट्टीने जोडलेला. अॅम्प्लिफायर खरोखरच घुंऽऽ करत होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. लेकीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला काही ऐकू येत नाही.
पहिल्या घर्रला लोक गप्प झाले. चौथ्यानंतर नाचायलाच लागले! डोळे मिटूनला तर पुढची पोरं आरडाओरडा करत होती. शेजारच्या मुलाने कानात ओरडून विचारलं की काका, हा सुरुवातीचा आवाज कुठल्या सिंथेसायझरवर केलाय माहीत आहे का. मी ओरडलो की तो मी आहे. त्याने मला बसायला खुर्ची आणून दिली.
डेसिबलही आला होता. त्याचं कौतुक ठोक्यापेक्षा मोठं होतं.

१ मार्च, रविवार
आवराआवर. हेडफोन लेकीने नेले. ट्यूबवाला अॅम्प्लिफायर चांगला गरम होतो, बायको त्यावर मोजे वाळवते. दुसरा दुकानदाराने परत घेतला नाही, आता नावाने हाकही मारत नाही.
लेकीला पुढच्या कार्यक्रमाचंही बोलावणं आलंय. दुसरा भाग करायचा म्हणाली, ताजा घर्र हवा. मी जबाबदारी ओळखून भरपेट जेवलो, सोफ्यावर आडवा झालो, तिने माइक लावला. तासभर पडलो. कूस बदलली, तोंड उघडं ठेवलं, श्वास खोल घेतला. झोपेचा पत्ता नाही. एक साधा घर्र निघेल तर शपथ! घरात सगळे पावलं न वाजवता चालत होते, बायको तर आतल्या खोलीत जाऊन पडली होती.
शेवटी लेकीने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, राहू दे बाबा, आतल्या खोलीतनं मिळाला. यात बेस जास्त आहे.
इतकी वर्षं त्याच खोलीत झोपतो. मला कधी ऐकू आला नाही.
बायकोला ऐकवला. ती म्हणाली की ती घोरत नाही, खोल श्वास घेते.